चाचणीचा प्रश्न पहिल्याच दिवशी

चित्र साधारण असे असते. साठी-पासष्टीचे गृहस्थ, निवृत्त होऊन काही वर्षे झालेली. जिना चढताना धाप लागू लागते, छातीत एका बाजूला दडपण जाणवते. एक्स-रेमध्ये पाणी दिसते. ते काढून तपासले तरी त्यात ठोस काही सापडत नाही. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा असतो आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. त्यामुळे क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा भरते, पुन्हा काढले जाते. तिसऱ्या खेपेला कोणी तरी दुर्बिणीतून छातीच्या आवरणाचा तुकडा काढून तपासायला सांगते आणि अहवालात घरात कोणीच कधी न ऐकलेला शब्द येतो : मेसोथेलिओमा. मग डॉक्टर विचारतात, 'तुम्ही काम कुठे करत होतात?' मुलाला ते नीट माहीत नसते, त्याच्या आईला असते. लग्नानंतरची काही वर्षे हे ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आले की कपड्यांवर पांढरी धूळ असायची. ते कपडे झटकून धुवायचे काम तिचेच होते.

फुप्फुसाला बाहेरून आणि छातीच्या पोकळीला आतून लपेटणारे एक पातळ आवरण असते. त्या आवरणाचा हा कर्करोग. फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाहून तो वेगळा, विडी-सिगारेटशी त्याचे नाते नाही. त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू. श्वासावाटे आत गेलेले हे तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. आणि रोग उगवतो तो वीस, तीस, कधी चाळीसहून अधिक वर्षांनी. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हा संबंध जगासमोर आला. त्या ३३ जणांतले सगळेच काही खाणकामगार नव्हते. काही जण केवळ निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात लहानाचे मोठे झालेले होते.

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली, तरी तिथे आजही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे या रोगाने दगावतात. जुन्या धुळीचे हे देणे आहे. भारतात ॲस्बेस्टॉसचे खाणकाम थांबले, पण पांढरे ॲस्बेस्टॉस आयात करून वापरणे आजही कायदेशीर आहे. सिमेंटच्या पत्र्यांचे कारखाने, जुनी वीज केंद्रे आणि त्यांतल्या बॉयलरवरची वेष्टणे, मुंबईतला दारूखाना, गुजरातेतले अलंग : या ठिकाणी काम केलेल्या माणसांची संख्या लहान नाही. तरीही मेसोथेलिओमाची आपल्याकडची नोंद तुरळकच. आपल्याकडे हा रोग होतच नाही, असा याचा अर्थ लावणे सोयीचे असले तरी भाबडेपणाचे आहे. तो ओळखला जात नाही, हे अधिक संभवते. (घरावरच्या जुन्या पत्र्याकडे पाहून आजच घाबरून जायचे कारण नाही. धूळ उडते ती पत्रा कापताना, फोडताना, भोके पाडताना किंवा तो झिजून भुगा होऊ लागल्यावर.)

निदान पक्के झाल्यावर कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, 'उपचार काय?' दुसरा, 'किती दिवस?' तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे : या रोगावर सध्या कुठे क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची चाचणी, चालू आहे का, आणि आमचा रुग्ण तिच्यात बसतो का?

क्लिनिकल ट्रायल म्हटले की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, 'आमच्या माणसावर प्रयोग करणार का?' दुसरी, सगळे उपाय थकल्यावरची, 'काहीही करा, ते नवे औषध द्या.' दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत, पण चाचणी म्हणजे काय हे दोन्हींच्या नजरेतून निसटते.

आज मेसोथेलिओमासाठी जे काही उपचार आहेत, ते सगळे कोणी तरी चाचणीत सामील झाले म्हणून आहेत. २००३ साली पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या जोडीच्या चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. नुसत्या सिस्प्लॅटिनवर निम्मे रुग्ण ९.३ महिन्यांपुढे जगले, जोडीवर १२.१ महिन्यांपुढे. फरक तीन महिन्यांच्या आतला, पण या रोगात जगण्याची मुदत वाढते हे तोवर अशा तऱ्हेने कोणी दाखवलेले नव्हते. या चाचणीतली दुसरी गोष्ट मात्र त्याहून सांगण्याजोगी आहे. सुरुवातीला काही रुग्ण औषधाच्या दुष्परिणामांनी दगावले. संशोधकांनी रक्ताच्या तपासण्या चाळल्या तेव्हा लक्षात आले की, शरीरात फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची कमतरता असलेल्यांना हे औषध अधिक बाधते. चाचणी चालू असतानाच नियम बदलला आणि सगळ्यांना ही जीवनसत्त्वे द्यायला सुरुवात झाली. दुष्परिणाम लक्षणीय उतरले. आज जगात कुठेही पेमेट्रेक्सेड देण्याआधी रुग्णाला फॉलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२चे इंजेक्शन दिले जाते. औषधाच्या किमतीपुढे या जीवनसत्त्वांची किंमत नगण्य. पण ती द्यायला हवीत हे कळण्यासाठी मोजली गेलेली किंमत नगण्य नव्हती.

त्यानंतर मोठे पाऊल पडायला सतरा-अठरा वर्षे गेली. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीची ६०५ रुग्णांवरची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोथेरपीवर निम्मे रुग्ण १४.१ महिन्यांपुढे जगले होते, या जोडीवर १८.१ महिन्यांपुढे. पेशींचा प्रकार अधिक घातक असलेल्या गटात फरक खूपच मोठा होता : ८.८ विरुद्ध १८.१ महिने. म्हणून बायोप्सीच्या अहवालात नुसते 'मेसोथेलिओमा' एवढे वाचून थांबू नये. कोणता प्रकार, हे विचारावे. उपचाराची निवडही त्यावर ठरते आणि चाचणीतला प्रवेशही.

या झाल्या यशाच्या कथा. पण चाचण्यांचे खरे मोल समजून घ्यायचे, तर शस्त्रक्रियेची गोष्ट पाहावी. रोगट आवरणासह एका बाजूचे अख्खे फुप्फुस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जगातल्या नामांकित केंद्रांमध्ये वर्षानुवर्षे होत होती. शल्यविशारदांचा तिच्यावर विश्वास होता, रुग्णांचाही. गाठ कापून टाकली की माणूस वाचतो, यावर विश्वास ठेवायला कोणाला सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये 'मार्स' नावाच्या छोट्या चाचणीत ५० रुग्णांची सोडत काढून दोन गट केले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला : शस्त्रक्रिया झालेल्या गटात निम्मे १४.४ महिन्यांपुढे जगले, न झालेल्या गटात १९.५ महिन्यांपुढे. यावर असा युक्तिवाद झाला की, फुप्फुस काढणे फार झाले, नुसते आवरण सोलून काढावे. मग तेही तपासले गेले. 'मार्स-२' या चाचणीत ३३५ रुग्ण होते. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले : केमोथेरपीसोबत शस्त्रक्रिया झालेल्यांत १९.३ महिने, केवळ केमोथेरपी घेतलेल्यांत २४.८. काही शल्यविशारदांनी या निष्कर्षांवर आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद संपलेला नाही. पण ज्या शस्त्रक्रियेसाठी एखादे कुटुंब घर गहाण टाकायला तयार होईल, ती आयुष्य वाढवण्याऐवजी घटवत असावी, ही शक्यता या ३३५ माणसांनी सोडत मान्य केली नसती तर कधी समोर आली असती?

उलट बाजूही सांगायला हवी. निनटेडॅनिब हे औषध केमोथेरपीला जोडल्यावर ८७ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आशादायक ठरले होते. ४५८ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यात तो लाभ नाहीसा झाला. पहिल्या टप्प्यात औषधाची किती मात्रा शरीराला सोसते एवढेच पाहायचे असते. दुसऱ्यात रोगावर काही परिणाम होतो का, ते पाहतात. चालू उपचाराशी खरी तुलना बहुधा तिसऱ्यात होते. तेव्हा 'नवे औषध' याचा अर्थ 'चांगले औषध' असा नसतो. ते चांगले आहे की नाही हे ठाऊक नाही, म्हणूनच तर चाचणी. ज्या डॉक्टरांना हे 'ठाऊक नाही' रुग्णासमोर उच्चारता येत नाही, त्यांच्या हातून संमतिपत्रावर सही करताना दोनदा विचार करावा.

सोडतीचे अनेकांना वाईट वाटते. जिवाचा मामला म्हाडाच्या घरासारखा सोडतीवर सोडायचा? पण इथे एका गटाला घर आणि दुसऱ्याला रस्ता, असे नसते. तुलनेच्या गटाला सहसा त्या वेळचा मान्य उपचार मिळतोच. नुसते निष्क्रिय औषध देऊन तुलना होते ती जिथे मान्य उपचार शिल्लक नाही तिथे, आणि तेही रुग्णाला आधी सांगून. ब्रिटनमध्ये केमोथेरपीनंतर रोग पुन्हा वाढलेल्या ३३२ रुग्णांवर अशी चाचणी झाली. त्यांतल्या प्रत्येक तिघांपैकी दोघांना निव्होलुमॅब आणि एकाला निष्क्रिय औषध मिळाले. ६.९ महिन्यांचे १०.२ महिने झाले, ते तिथे कळले.

राहिला अविश्वास. तो हवेतून आलेला नाही. आंध्र आणि गुजरातेत एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातील मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या, हे संसदीय समितीने नोंदवले आहे. इंदूरच्या चाचण्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या धक्क्यांमधूनच २०१९चे नवे औषध व क्लिनिकल ट्रायल नियम आले. त्यांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते, संमतिपत्राची प्रत त्याच्याकडे राहते, वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. नैतिकता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. आणि रुग्ण कोणत्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडू शकतो. त्याचा नेहमीचा उपचार त्यामुळे थांबवता येत नाही. नियम चांगले आहेत. त्यांचा उपयोग मात्र माहितीपत्रक घरी नेऊन रात्रभर वाचणाऱ्यालाच होतो. 'इथे सही करा, बाकी फॉर्मॅलिटी आहे' असे म्हणणाऱ्यासमोर ते कागदावरच राहतात.

आता वेळेबद्दल. आमच्या मते सारा प्रश्न इथेच अडतो. चाचणीत प्रवेशाच्या अटी कडक असतात. रुग्ण स्वतःचे स्वतः करणारा, दिवसाचा बहुतेक वेळ हिंडता-फिरता असावा लागतो. मूत्रपिंड, यकृत, रक्तपेशी ठीक असाव्या लागतात. पहिल्या उपचाराची तुलना करणाऱ्या चाचणीत आधी केमोथेरपी झालेली चालत नाही. म्हणजे ज्या घराने 'आधी नेहमीचे उपचार करून पाहू, मग चाचणीचे बघू' असे ठरवले, त्याने नकळत एक दार लावून घेतले. क्षयाच्या गोळ्यांवर गेलेले चार महिने याच खात्यावर जमा होतात. रोग पसरतो त्याहून लवकर माणूस अशक्त होतो आणि अशक्त झालेल्याला चाचणी घेत नाही. म्हणून हा प्रश्न शेवटचा उपाय म्हणून नव्हे, तर निदानाच्या दिवशीच, पहिले सलाइन लागण्याआधी विचारायला हवा. आणि छातीतले पाणी क्षयाचे उपचार चालू असूनही पुन्हा भरत असेल, तर आवरणाच्या तुकड्याची तपासणी लांबवू नये, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनीही लक्षात घ्यायला हवे.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. 'बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.' बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांना थांबवून हे वाक्य बोलले जात नाही असे कर्करोगाचे एकही रुग्णालय महाराष्ट्रात नसेल. त्यामागची माया खरी आहे. पण चाचणीची संमती कायद्याने रुग्णाचीच लागते, मुलाची नव्हे. ज्याला आपल्याला काय झाले आहे हेच माहीत नाही, तो कशाला संमती देणार? निदान लपवले की चाचणीचा रस्ता तिथेच बंद होतो आणि तो बंद झाल्याचे बाबांना कळतही नाही. बहुतेकदा त्यांना अंदाज आलेला असतो. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प असतात.

सांगितल्यावर ते नाहीही म्हणतील. तो निर्णय तितक्याच आदराने घ्यायला हवा. चाचणी म्हणजे वारंवारच्या खेपा, जादा स्कॅन, रक्ताच्या नळ्या, आणि गाव दूर असेल तर मुंबईत राहण्याची सोय. औषध चाचणीतून मिळते, पण प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे आधी स्पष्ट विचारावे. इतर आजारांसाठी लागणाऱ्या तपासण्यांचे बिल कोणाचे, हेही. उरलेले महिने गावी, अंगणात, नातवंडांत घालवावेत असे कोणाला वाटले तर त्यात हार नाही. छातीतले पाणी घरच्या घरी काढता येईल अशी नळी बसवणे, दुखण्यावर पुरेशी औषधे देणे, हे उपचार चाचणीत असलेल्यालाही हवेत, नसलेल्यालाही. ते शेवटच्या आठवड्याची वाट पाहत ठेवू नयेत.

चालू चाचण्या शोधायच्या कुठे? भारतातल्या चाचण्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. रोगाचे नाव टाकले की चाचणी, रुग्णालय, प्रवेशाच्या अटी आणि संपर्काचे नाव दिसते. अडचण एवढीच की ती इंग्रजीत आहे आणि तीही डॉक्टरी इंग्रजीत. सरकारने निदान कर्करोगाच्या चाचण्यांची सोप्या मराठीतली यादी द्यावी, ही मागणी काही खर्चिक नाही.

दुर्मीळ रोगाच्या चाचण्या आपल्याकडे कमी असतात, कारण कंपन्या रुग्ण सापडतील तिथे जातात आणि आपले रुग्ण कागदावर सापडतच नाहीत. पण सगळ्या चाचण्या कंपन्यांनीच कराव्यात असे नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे अवघे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कमी मात्रेने भागते का, हा प्रश्न पूर्ण मात्रा विकणारी कंपनी कशाला विचारेल? तो ज्याच्या रुग्णांना पूर्ण मात्रा परवडत नाही त्यालाच पडतो. मेसोथेलिओमाच्या इम्युनोथेरपीचा खर्चही लाखांच्या घरात जातो. तिथेही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एका रुग्णालयाला पुरेसे रुग्ण मिळणार नाहीत हे खरे, पण राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातली केंद्रे आधीच जोडलेली आहेत. छातीच्या दुर्मीळ कर्करोगांची एक सामाईक नोंद त्यांनी ठेवली तर पहिले पाऊल पडेल.

नोंदीचा एक जुना धागाही आहे. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला होता की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतरची असेल तोवर जपावी. ऐंशीच्या दशकात कामाला लागलेल्या अनेकांची ती मुदत आता, म्हणजे रोग डोके वर काढण्याच्या नेमक्या काळात, संपते आहे. यांतले किती कारखाने बंद झाले, किती जागांवर टॉवर उभे राहिले, त्या वह्या कुठे गेल्या, हे राज्याच्या कामगार खात्याने आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने शोधायला हवे, आणि सापडतील त्या नोंदी मुदत न पाहता ताब्यात घ्यायला हव्यात. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा भरपाईपात्र व्यावसायिक आजारांच्या कायद्यातील यादीत आहे. तो दावा सिद्ध करायलाही याच वह्या लागतील. त्यांतल्या नावांना आज एक पत्र गेले आणि धाप लागत असेल तर छाती तपासून घ्या एवढे कळवले, तरी काही जण चाचणीच्या अटींत बसतील अशा अवस्थेत डॉक्टरांपर्यंत पोचतील.

कपडे झटकून धुणाऱ्या त्या माउलीचे नाव मात्र कोणत्याच वहीत नाही. तिला धाप लागू लागली तर नवऱ्याच्या कारखान्याची आणि त्या पांढऱ्या धुळीची गोष्ट डॉक्टरांना घरच्यांनीच आपण होऊन सांगायची आहे.